व्यासपीठ कोणाचे आणि वाणी कोणाची?

जीभ प्रत्येकाला मिळालेली आहे. पण चार माणसांपर्यंत शब्द पोहोचवायचा तर गावात पार लागतो, शहरात सभागृह लागते, दूरदेशी छापखाना लागतो. आणि पार सोडला तर यांतील प्रत्येक वस्तूला कोणी ना कोणी मालक असतो. बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि जागेच्या मालकाचा हक्क यांच्यातला हा ताण पुरातन आहे. तो नव्याने जगाच्या चर्चेत आला तो २०२२ साली, जेव्हा इलॉन मस्क या अब्जाधीश उद्योगपतीने ट्विटर हे समाजमाध्यम विकत घेतले.

घटनेचा क्रम थोडक्यात असा. १४ एप्रिल २०२२ रोजी मस्क यांनी प्रत्येक समभागास ५४.२० डॉलर या दराने संपूर्ण कंपनी घेण्याचा प्रस्ताव मांडला. २५ एप्रिलला संचालक मंडळाने तो मान्य केला. जुलैत मस्क यांनी व्यवहारातून अंग काढून घेण्याचा प्रयत्न केला. कंपनीने त्यांना डेलावेअर राज्याच्या न्यायालयात खेचले. आणि खटला उभा राहण्याआधीच २७ ऑक्टोबरला व्यवहार पुरा झाला. किंमत सुमारे ४४ अब्ज डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेतीन लाख कोटी रुपयांहून अधिक. त्याच दिवशी मुख्याधिकारी पराग अग्रवाल यांना पदावरून दूर करण्यात आले. हे गृहस्थ मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर. पुढच्या काही दिवसांत साडेसात हजारांपैकी निम्म्या नोकरांना निरोप मिळाला आणि जुलै २०२३ मध्ये त्या माध्यमाचे नावही पुसून त्या जागी ‘एक्स’ हे एक अक्षर आले.

या खरेदीवर जगभर वाद झाला आणि त्यात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला की, पूर्वीचे व्यवस्थापन आपल्याला न रुचणारी मते दडपत होते. जानेवारी २०२१ मध्ये त्याने अमेरिकेच्या अध्यक्षांचेही तोंड बंद केले. आता मुक्त वाणीचे दिवस येतील. दुसरा पक्ष म्हणाला की, कोट्यवधी लोकांच्या संवादाचे स्थान एका व्यक्तीच्या लहरीवर सोपवणे हेच मुळी स्वातंत्र्याला घातक आहे. पुढे घडले ते दोन्ही पक्षांना थोडे थोडे खरे ठरवणारे होते. बंद केलेली अनेक खाती उघडली गेली. आणि त्याच वर्षी डिसेंबरात, मालकाच्या वाहनासंबंधीच्या माहितीवरून, काही पत्रकारांची खाती एका फटक्यात बंद झाली व काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली. बंद करणाराही तोच आणि उघडणाराही तोच.

वाचकहो, कॅलिफोर्नियातल्या या उलाढालीशी वऱ्हाडातल्या कुटुंबांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा प्रश्न मराठी माणसाने दीडशे वर्षांत अनेकदा सोडवून पाहिला आहे. आणि त्या प्रयत्नांतील दोन मोठी नावे आपल्या अकोल्याशी आणि अमरावतीशी जोडलेली आहेत.

पहिले नाव गोपाळ गणेश आगरकर यांचे. साताऱ्याकडील टेंभू या खेड्यात १८५६ साली जन्मलेला हा दरिद्री घरचा मुलगा शिक्षणासाठी वणवण करीत अकोल्यास आला. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाचा आधार त्याला लाभला, आणि १८७५ साली अकोल्याहूनच तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. शिकत असतानाच तो ‘वऱ्हाड समाचार’ या अकोल्याच्या पत्रात मजकूर लिही. वृत्तपत्रात लिहिण्याची आगरकरांची उमेदवारी अशी वऱ्हाडच्या मातीत झाली.

पुढची कथा सर्वपरिचित आहे. ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात ‘केसरी’ निघाला. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी ही मंडळी एका ध्येयाने एकत्र आली होती. संपादकपद आगरकरांकडे होते. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांनाही तुरुंगवास झाला आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पत्र ज्यांचे होते, त्यांनीच त्या पत्रातील शब्दांची किंमत मोजली. मालकी आणि जबाबदारी या दोन गोष्टी तेव्हा एकाच खांद्यावर होत्या. १८६७ च्या छापखान्यासंबंधीच्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक केले होते. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी ‘हे कोणी छापले’ हे वाचकाला कळलेच पाहिजे, हे तत्त्व टिकून आहे.

तुरुंगात खांद्याला खांदा लावणारे हे दोन मित्र सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मात्र दुरावले. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा तो वाद. ‘केसरी’ चालवणाऱ्या मंडळींत आगरकरांचे मत अल्पमतात होते. अशा वेळी पत्राच्या स्तंभात कोणी काय लिहावे, हा प्रश्न युक्तिवादाने सुटत नाही. ज्यांच्या हाती पत्र, त्यांचेच मत छापले जाते. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी स्वतःचा ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी बाजूची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले या तरुणाने उचलली. तिकडे १८९१ च्या सुमारास भागीदारांतील वाटणीने ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे कर्जाच्या ओझ्यासह एकट्या टिळकांच्या पदरी आली.

आगरकरांनी पुण्यात राहून पुण्यातील सनातन्यांचा रोष पत्करला. त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत मजल गेली. पण ‘सुधारक’ बोलत राहिला. १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकावर रण माजले तेव्हा ‘केसरी’ विरोधात आणि ‘सुधारक’ बाजूने, अशी दोन पत्रे एकाच शहरातून निघत होती. वाचकाला दोन्ही घेता येत होती आणि स्वतःचे मत बनवता येत होते. १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षात आगरकर गेले. त्यांच्या चरित्राचा जो धडा आमच्या विषयाला लागू आहे तो हा की, मालकाशी न पटलेल्या माणसाला दुसरे दार उघडता आले. एक हातछापखाना, थोडे भांडवल, टपालाची सवलत आणि काही शेकडा वर्गणीदार एवढ्या सामग्रीवर नवे व्यासपीठ उभे राहू शकत होते.

हे दार सर्वांना सारखे उघडे होते काय? नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊन छापण्यासही ‘केसरी’ने नकार दिला. ज्या पत्राच्या संपादकांनी शब्दासाठी तुरुंग भोगला, त्याच पत्राच्या दाराशी दुसऱ्याचा शब्द थांबवला गेला. सरकारने गळा दाबला की आपण त्याला जुलूम म्हणतो. मालकाने दार लावले की तो त्याचा व्यवहार ठरतो. ज्याला बोलायचे आहे त्याच्या दृष्टीने मात्र परिणाम एकच असतो. ‘मूकनायक’ उभा राहिला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांमुळे, आणि तीनेक वर्षांत आर्थिक अडचणींनी बंद पडला. देणगीने पत्र जन्माला येते, पण ते जगते वर्गणीवर, हा त्यातील कठोर बोध.

१९२७ च्या एप्रिलात बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीस अंबादेवीच्या मंदिर-प्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. त्या काळी ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांना बहुतेक छापखान्यांतही प्रवेश नव्हता. स्वतःचे पत्र हाती नसते तर अमरावतीच्या त्या माणसांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत नोंदले जाण्याची शाश्वती कोणी दिली असती? व्यासपीठाच्या मालकीचा प्रश्न श्रीमंतांच्या करमणुकीचा नाही, तो दुबळ्यांच्या अस्तित्वाचा आहे, हे येथे स्पष्ट दिसते.

वऱ्हाडनेही आपली व्यासपीठे उभी केली. यवतमाळास लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. अकोल्यास ब्रिजलाल बियाणी यांच्या पुढाकाराने ‘मातृभूमी’ उभे राहिले. अणे यांच्या पत्राचे नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी घेतले आणि १९७१ साली नागपुराहून त्याच नावाचे दैनिक निघाले. नाव एका पिढीचे, मालकी दुसऱ्या पिढीची, असा प्रवास वृत्तपत्रसृष्टीत नवा नाही. हस्तांतरण हे स्वतः पाप नव्हे. प्रश्न एवढाच की, हस्तांतरणाच्या वेळी वाचकाचे स्थान कोणते?

येथे दुसरे नाव येते. अमरावतीचे रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे १९१२ सालच्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांचे पुत्र जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे १९६० साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि लवकरच पुण्याच्या ‘सकाळ’चा खटला त्या न्यायालयापुढे आला.

त्या खटल्याची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर मोठ्या भांडवलदारांच्या हाती वृत्तपत्रे एकवटत असल्याची चिंता सर्वत्र होती. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल दिला आणि किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घालण्याची शिफारस केली. बड्या पत्राने कमी किमतीत भरपूर पाने देऊन लहान पत्राला बुडवू नये, हा त्यामागील हेतू. त्यानुसार १९५६ साली कायदा झाला आणि १९६० साली आदेश निघाला. डॉ. नानासाहेब परुळेकर यांनी १९३२ साली स्थापलेल्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले. विशेष असे की, पत्राच्या मालकांबरोबर दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले. आमचे पत्र लहान झाले किंवा महाग झाले तर आमचाही हक्क बुडतो, अशी त्यांची भूमिका होती.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी निकाल लागला. न्यायालयाच्या वतीने तो मुधोळकरांनी लिहिला. सार असे की, वाणीच्या स्वातंत्र्यात मजकूर किती छापावा आणि किती लोकांपर्यंत पोहोचवावा याचाही समावेश होतो; मक्तेदारी रोखण्याचा हेतू कितीही चांगला असला तरी त्यासाठी सरकारला हे स्वातंत्र्य कापता येणार नाही. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले. १९७२ साली कागदाच्या कोट्यासंबंधीच्या बेनेट कोलमन खटल्यात न्यायालयाने बहुमताने याच वाटेने पाऊल टाकले. त्या वेळी भिन्न मत देणारे न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी, बोलणाऱ्याच्या हक्काइतकाच समाजाचा विविध मते ऐकण्याचा हक्क महत्त्वाचा आहे, या अंगाने विचार मांडला. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखाली दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ साली वृत्तपत्रांची मालकी इतर उद्योगधंद्यांपासून वेगळी करावी, असे बहुमताने सुचवले. ती सूचना कागदावरच राहिली.

मुधोळकरांचा निकाल आम्ही मोठा मानतो. सरकारला एकदा पाने मोजण्याचा अधिकार दिला की उद्या ते शब्द मोजू लागते. पण याच निकालाची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे: राज्याचा हात रोखला गेला, तरी मक्तेदारीची चिंता जिथल्या तिथे राहिली. ‘सकाळ’चाच पुढील इतिहास पाहा. १९७३ साली नानासाहेब निवर्तले. पुढे समभागांवरून जो वाद उद्भवला तो थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन २००५ साली निकाली निघाला. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. आम्ही फक्त एवढे दाखवतो की, १९६१ च्या खटल्यात वाचक अर्जदार म्हणून उभे होते. समभागांच्या वादात वाचकाला उभे राहण्यास जागाच नव्हती. राज्याविरुद्ध वाचकाला हक्क आहे. मालकी कोणाकडे जावी याविषयी त्याला शब्दही नाही. ट्विटर विकले गेले तेव्हा समभागधारकांनी मत दिले. ज्या कोट्यवधींच्या लिखाणामुळे त्या माध्यमाला किंमत आली, त्यांना कोणी विचारले नाही. दोन्हींचे मूळ एकच.

आता भेद पाहू. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला तेव्हा वाचकाने नुसती दुसरी वर्गणी भरली की पुरे होते. समाजमाध्यमाची गोष्ट निराळी आहे. तेथे छापखान्याला नव्हे, माणसांच्या गर्दीला मोल आहे. २०२२ च्या अखेरीस कित्येक लाख लोक ‘मॅस्टोडॉन’ नावाच्या, एका मालकाच्या हाती नसलेल्या माध्यमाकडे गेले. पण आप्तमित्र जुन्या जागीच राहिल्याने बरेच जण परतले. बाजार सोडून एकट्याने दुकान मांडावे, तसा हा प्रकार. दुसरा भेद जबाबदारीचा. संपादक छापील शब्दास उत्तरदायी असे. समाजमाध्यम मात्र स्वतःला केवळ वाहक म्हणवते आणि आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम त्याला अटींसह तसे संरक्षण देते. पण कोणता मजकूर कोणाच्या डोळ्यांपुढे आधी आणायचा, हे त्याचेच यंत्र ठरवते. टपालवाला पत्रे वाटतो. कोणते पत्र आधी उघडावे हे तो सांगत नाही.

या भेदाची झळ वऱ्हाडने सोसली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरच्या त्रिपुरातील घटनांच्या बातम्यांवरून अमरावतीत मोर्चा, बंद आणि हिंसा झाली, संचारबंदी लागली. मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून जुन्या अकोल्यात दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. दोन्ही वेळी प्रशासनाने इंटरनेटच बंद केले. पूर्वी एखाद्या पत्राने खोटी बातमी छापली तर गावातली चार वडीलधारी माणसे संपादकाच्या दारी जात आणि दुसऱ्या अंकात खुलासा येई. आता दार कोठे आहे? खरेदीनंतर ट्विटरने भारतातील बहुतेक नोकरांना काढले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली व मुंबईची कार्यालये बंद केल्याचे वृत्त आले. एका टोकाला सातासमुद्रांपलीकडचा मालक, दुसऱ्या टोकाला सारे जाळेच बंद करणारे सरकार. आणि मध्ये ज्याचे दुकान जळले तो माणूस. विद्यार्थ्याचा अर्ज, व्यापाऱ्याचा हिशेब, रुग्णाच्या नातेवाइकाचा निरोप, सारे त्या बंदीत अडकते.

मग मालकाने सरकारशी झुंज दिली तर? तीही कथा घडली आहे. केंद्र सरकारच्या खाती बंद करण्याच्या आदेशांविरुद्ध ट्विटरने खरेदीपूर्वीच, जुलै २०२२ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली होती. ३० जून २०२३ रोजी अर्ज फेटाळला गेला आणि कंपनीला ५० लाख रुपये भरण्यास सांगितले गेले. ‘सकाळ’च्या खटल्यात या देशाचे नागरिक स्वतःचा हक्क मागत होते, वाणीचे ते कलम नागरिकांसाठी आहे, परदेशी कंपनीसाठी नाही. म्हणून आपल्या वाणीचे रक्षण परक्या मालकाच्या वकिलावर सोपवून निश्चिंत होता येत नाही, मग तो मालक सज्जन असो वा लहरी.

मुळात चांगला मालक आणि वाईट मालक अशी निवड करत बसणे हाच चुकीचा मार्ग आहे, असे आमचे मत बनले आहे. शाहू महाराजांसारखा उदार दाता शतकातून एखादा भेटतो. व्यवस्था अशी हवी की मालक कसाही असला तरी बोलणाऱ्याला न्याय मिळावा. त्यासाठी तीन गोष्टी मागण्यासारख्या आहेत. एक, नियम आधी जाहीर असावेत आणि मालकालाही ते लागू असावेत. दोन, ज्याचे खाते बंद झाले किंवा ज्याची बदनामी झाली त्याला कारण कळावे व वर दाद मागता यावी. तीन, जुने माध्यम सोडताना आपले लिखाण आणि आपली ओळखीची माणसे बरोबर नेता यावीत. म्हणजे आगरकरांना जे दार उघडे होते ते आजच्या तरुणालाही उघडे राहील. यांतील दुसऱ्या मागणीला आपल्याकडे अंशतः रूप आले आहे. योगायोग असा की, खरेदीच्या दुसऱ्याच दिवशी, २८ ऑक्टोबर २०२२ रोजी, केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली. आधी माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे आणि समाधान न झाल्यास ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे अर्ज करावा, अशी ती तरतूद. या समित्या सरकारनेच नेमलेल्या असल्याने त्यांच्याकडे सावध नजरेने पाहिले पाहिजे. तथापि, वाट आहे हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे.

हा प्रश्न आमच्या घराबाहेरचाही नाही. डिसेंबर २०१२ पासून पोपमहोदयांचे अधिकृत खाते याच ट्विटरवर आहे. धर्मग्रामातील मिस्साची वेळ, मृत्यूची वार्ता, युवकांच्या मेळाव्याची सूचना हे सारे आज व्हॉट्सॲपवरून फिरते. आणि व्हॉट्सॲप २०१४ साली फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेतले, तेव्हा आपल्या घराघरांत त्याची चर्चा झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. आपणही दुसऱ्याच्या ओसरीवरच बसलो आहोत. ओसरीवर बसण्यात काही गैर नाही; पण सारा संसार तेथे मांडू नये. अहमदनगरकडील जेझुइट धर्मगुरूंनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले, तेव्हा गरीब ख्रिस्ती शेतमजुराच्या घरीही त्याच्या भाषेतला कागद गेला. अशी लहान मासिके, वर्गणीवर जगणारी पत्रे, ग्रंथालये आणि प्रत्यक्ष सभा टिकल्या पाहिजेत. मोठे व्यासपीठ उद्या हात बदलेल किंवा नाव बदलेल. त्या दिवशी आपले म्हणणे मांडायला आपली म्हणून एक जागा शिल्लक असावी.

अकोल्याच्या विद्यार्थ्याने शिकवले की, दार बंद झाले तर नवे दार बांधावे. अमरावतीच्या न्यायमूर्तींनी शिकवले की, ते दार सरकारलाही बंद करता येऊ नये. दार मालकालाही मनमानीने बंद करता येऊ नये, हा तिसरा धडा अद्याप कोणी पुरा लिहिलेला नाही. तो लिहिण्याचे काम आजच्या वाचकांचे आहे. कारण १९६१ साली दोन साध्या वाचकांना जे सुचले, ते आपल्याला सुचू नये असे कोणतेही कारण नाही.